समुद्र पुसणारी चित्रे

आगगाडी आणि आगबोट या सख्ख्या बहिणी आहेत, हे आपल्या भाषेने फार लवकर ओळखले. एकीच्या पायांखाली रूळ, दुसरीच्या पोटाखाली पाणी. पण दोघींच्या पोटातली आग एकच. आपल्याकडे या बहिणी निरनिराळ्या घरी नांदल्या. कोकणात जाणाऱ्या आगबोटी निराळ्या कंपन्यांच्या आणि घाट चढणाऱ्या आगगाड्या निराळ्या कंपन्यांच्या. इंग्लंडात मात्र पुष्कळ ठिकाणी दोघींचा मालक एकच होता. जी कंपनी लंडनहून गाडी सोडी, तीच बंदरात आपली आगबोट धूर काढीत उभी ठेवी. तिकीट एक, वेळापत्रक एक आणि बोटीच्या धुराड्यावरचा रंगही कंपनीचाच. या कंपन्यांनी आपल्या बोटींची जी चित्रे काढून घेतली आणि स्टेशनांच्या भिंतींवर लावली, त्यांच्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

ही जाहिरातीची भित्तिपत्रके. बहुतेक ४० इंच उंच आणि २५ इंच रुंद, काही त्याच्या दुप्पट रुंदीची. यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात रेल्वेची अशी हजारो पत्रके जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या प्रती आता कॅलेंडरांवर, पोस्टकार्डांवर आणि चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर छापून विकल्या जातात. घेणारे कौतुकाने घेतात. जुना काळ किती निवांत होता, असे त्यांना वाटते. निळे पाणी, स्वच्छ बोट, कठड्याला टेकून उभी असलेली टोपीवाली बाई, वर एखाददुसरा समुद्रपक्षी. मला इतिहास शिकवावा लागतो म्हणून म्हणा, की कादंबरी लिहिण्याच्या खोडीमुळे म्हणा, एखादे चित्र फार निवांत दिसले की त्यात काय घातलेले नाही हे शोधायची मला सवय जडली आहे. या पत्रकांत पाणी भरपूर आहे. समुद्र मात्र शोधूनही सापडत नाही.

मुळात रेल्वे कंपनीने बोटी कशाला घ्याव्यात? ब्रिटिश पार्लमेंटलाही हाच प्रश्न पडला होता. १८४० नंतरच्या दशकात रेल्वे कंपन्या झपाट्याने पसरत होत्या. त्यांच्या हाती बोटीही दिल्या, तर स्वतंत्र जहाजमालकांचा धंदा बसेल, अशी भीती होती. म्हणून बोटी चालवायच्या तर पार्लमेंटकडून त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा वेळी व्यापारी माणूस जे करतो तेच या कंपन्यांनी केले. साउथ ईस्टर्न रेल्वेच्या मंडळींनी १८४५ मध्ये निराळ्या नावाची एक आगबोट कंपनी काढली. नाव निराळे, माणसे तीच. रेल्वेला स्वतःच्या नावाने बोटी चालवण्याची मुभा मिळाली ती १८५३ मध्ये. ग्रेट ईस्टर्न रेल्वेला तशी परवानगी १८६३ मध्ये मिळाली आणि तिच्या बोटी हार्विच बंदरातून हॉलंड-बेल्जियमकडे जाऊ लागल्या. पुढे बंदर अपुरे पडू लागले, तेव्हा या कंपनीने खाडीच्या वरच्या अंगाला दलदलीत नवा धक्का बांधला आणि १८८३ मध्ये त्याला आपल्या चेअरमनचे, चार्ल्स पार्क्सचे, नाव देऊन टाकले. ग्रेट वेस्टर्नने तर वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्ड येथे कडा सुरुंगांनी फोडून बंदर केले; ते १९०६ मध्ये उघडले.

एवढा पैसा ओतला म्हणून या लोकांना दर्याचे प्रेम होते, असे समजण्याचे कारण नाही. रेल्वेच्या माणसाला समुद्र म्हणजे रूळ टाकता न आलेली जागा. त्याचे जग वेळापत्रकाचे. लंडनहून अमुक वाजता सुटलेला उतारू पॅरिसला किंवा डब्लिनला तमुक वाजता पोहोचला पाहिजे. मधे जे पाणी लागते ती एक अडचण. ही अडचण पूल बांधून दूर करता येत नव्हती. मग ती निदान कागदावर तरी दूर करावी, हे काम भित्तिपत्रकांकडे आले.

त्यासाठी पहिले हत्यार वापरले ते अंकगणिताचे. डोव्हर ते कॅले हे अंतर सर्वांत कमी, सुमारे २१ मैल. तेव्हा त्या वाटेची कंपनी पत्रकावर मोठ्या अक्षरांत सांगे की, आमच्याकडे समुद्र सर्वांत थोडा. न्यूहेवनहून दिएपला जायचे तर पाण्याची वाट जवळजवळ तिप्पट. पण नकाशावर लंडन-पॅरिस रेघ ओढली तर ती न्यूहेवनच्या बाजूनेच जाते. तेव्हा लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे म्हणे की, पॅरिसची सर्वांत जवळची आणि स्वस्त वाट आमची. हार्विचहून हॉलंडला जाणे यांहूनही लांब. पण बोट रात्रीची. म्हणून ग्रेट ईस्टर्न झोपेची जाहिरात करी. संध्याकाळी लंडन सोडा, बोटीवर झोपा, सकाळी हॉलंडच्या धक्क्यावर जागे व्हा. तिघांचेही खरे आणि तिघांचेही सोयीपुरते. पण तिघांनाही एक गोष्ट मान्य होती, ती ही की उतारूला समुद्र नको आहे. आपल्याकडे ज्याला 'बोट लागणे' म्हणतात, ते इंग्लिश खाडीत उतारूंना फार छळी. वारा सुटला की मोठमोठे सरदार आणि त्यांच्या बायका बादल्या मागवीत. पत्रकात बादली कधी दिसली नाही.

या वाटांशी आपलाही थोडा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून निघालेली विलायतेची टपाल इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात उतरे, तिथून आगगाडीने कॅलेला येई आणि खाडी ओलांडून डोव्हरला पोहोचे. ज्यांना जहाजावरचे दिवस वाचवायचे असत, असे उतारूही मार्सेलिसला उतरून याच वाटेने लंडन गाठीत. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून आलेले सावरकर लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले, ते स्टेशन खाडीपलीकडच्या बोटींना जोडून धावणाऱ्या गाड्यांचेच. त्या फलाटांच्या भिंतींवरही तेव्हा निळे पाणी रंगवलेले असणार.

जी वाट जवळची म्हणून दाखवता येत नव्हती, ती वेगवान म्हणून दाखवावी लागे. इथे पत्रकाचा खेळ पत्रकापुरता राहत नसे. तो बोटीच्या कप्तानापर्यंत पोहोचे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी, गर्न्सी ही ब्रिटिश बेटे आहेत. तिथे जायला दोन रेल्वे कंपन्यांच्या बोटी होत्या: लंडन अँड साउथ वेस्टर्नची साउदॅम्प्टनहून आणि ग्रेट वेस्टर्नची वेमथहून. १८८९ पासून दहा वर्षे या दोघींत चढाओढ चालली. नवी बोट, अधिक जलद बोट, अर्धा तास आधी पोहोचणारी बोट. दोन्ही कंपन्यांच्या बोटी गर्न्सीला साधारण एकाच सुमारास पोहोचाव्यात अशी वेळापत्रके. बंदरात धक्क्याची जागा थोडी. जो आधी येईल त्याचे उतारू आधी उतरतील. अशा वेळी कप्तानाला शर्यत कर म्हणून कोणी लेखी हुकूम देत नाही. तशी गरजही नसते.

३० मार्च १८९९ हा ईस्टरच्या आधीचा गुरुवार. साउथ वेस्टर्नची 'स्टेला' सुटीची खास फेरी घेऊन सकाळी साडेअकराच्या सुमारास साउदॅम्प्टनहून निघाली. खलाशी धरून १९० च्या आसपास माणसे होती. वाटेत धुके लागले. कप्तानाने एकदोनदा वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला. दुपारी चारच्या सुमारास कॅस्केट्स नावाच्या खडकांवर, दीपगृहाच्या अगदी पायथ्याशी, बोट आदळली आणि आठ मिनिटांत बुडाली. शंभरांहून अधिक माणसे गेली; त्यांत कप्तानही होता.

या बोटीवर मेरी अ‍ॅन रॉजर्स नावाची एक स्टुअर्डेस होती. स्त्री-उतारूंची काळजी घेणे हे तिचे काम. तिचा नवराही याच कंपनीच्या नोकरीत समुद्रात गेलेला. त्यानंतर पोरांच्या पोटासाठी तिने ही नोकरी धरली होती. तिने बायकांना लाइफबेल्ट बांधून होडीत बसवले. एका बाईजवळ बेल्ट नव्हता, तिला स्वतःचा दिला. होडीत ये म्हणून तिला हाका मारल्या. होडी आधीच भरली होती. आपल्या वजनाने ती उलटेल म्हणून ती गेली नाही. १९०१ मध्ये साउदॅम्प्टनच्या किनाऱ्यावर लोकवर्गणीने तिचे स्मारक झाले.

सरकारी चौकशी झाली. बोट योग्य काळजीने चालवली गेली नाही, असा निकाल लागला आणि दोष कप्तानाच्या माथी आला. कप्तान बोलायला जिवंत नव्हता. शर्यतीचा संशय लोकांच्या मनातून काही गेला नाही. आणि गंमत पाहा, गंमत म्हणू नये पण म्हणतो: त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी आपसांत समझोता केला, बेटांच्या वाहतुकीचे उत्पन्न वाटून घ्यायचे ठरवले, आणि चढाओढ संपली. म्हणजे ती थांबवता येत होती. सहा महिने आधीही थांबवता आली असती.

आता चित्रांकडे येऊ. १९०५ पर्यंतची रेल्वेची पत्रके आपल्या जुन्या नाटक कंपन्यांच्या हँडबिलांसारखी होती. कागदाचा एक इंचही मोकळा ठेवायचा नाही. पाच-सहा चौकटींत पाच-सहा देखावे, कोपऱ्यात फुलांची वेलबुट्टी, दहा प्रकारचे टाइप, भाडे, वेळा, मॅनेजरचे नाव. वाचता वाचता गाडी सुटून जावी. दगडावर उलटे चित्र काढून एकेका रंगाचा वेगळा दाब देऊन हे छापीत. कारागिरी उत्तम, पण नजर ठरेल कुठे?

१९०५ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने आपल्या आयर्लंडच्या बोटींसाठी नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकाराकडून एक पत्रक करवून घेतले. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचाही नव्हता. लहान शिडाच्या होड्या हाकण्याचा त्याला नाद, समुद्र डोळ्यांत भरलेला. त्याने चौकटी फेकून दिल्या, वेलबुट्टी फेकून दिली. विस्तीर्ण पाणी, विस्तीर्ण आकाश आणि त्यात लहानशी बोट, अक्षरे मोजकी. आज यात नवल वाटत नाही, कारण त्यानंतर सगळ्यांनी तेच केले. पण त्या गजबजलेल्या भिंतीवर हे एक पत्रक म्हणजे बाजारात कोणी एकदम गप्प बसावे तसे दिसले असेल. रेल्वेच्या पत्रकांत निसर्गचित्राला मानाची जागा मिळाली ती इथपासून.

विल्किन्सनला समुद्र येत होता. त्याने तो खोटा काढला, असे मी म्हणणार नाही. त्याने समुद्राचा एक दिवस निवडला. वर्षात तसे दिवस असतात आणि पुष्कळ असतात. कोणतीही कंपनी आपल्या बोटीचे चित्र मागताना दुसरा दिवस मागणार नाही.

त्याच वर्षी, १८ नोव्हेंबरच्या रात्री, साउथ वेस्टर्नची 'हिल्डा' सेंट मालो बंदराच्या तोंडाशी बर्फाच्या वादळात खडकांवर फुटली. तिच्यावर ब्रिटनी प्रांतातले सत्तरऐंशी कांदेवाले होते. हे शेतकरी दर वर्षी कांद्याच्या माळा घेऊन इंग्लंडात येत, दारोदार फिरून विकीत आणि हंगाम संपला की कमाई कमरेला बांधून घरी परतत. तसे ते परतत होते. सव्वाशेच्या आसपास माणसे बुडाली. वाचली ती सहा. कठड्याला टेकलेल्या टोपीवाल्या बाईचे चित्र शेकडो पत्रकांवर आहे. कांद्याची माळ खांद्यावर घेतलेला उतारू मला तरी एकाही पत्रकावर दिसलेला नाही, आणि बोटीचे भाडे तर तोही भरत होता.

पुढे दीड वर्षही गेले नाही, तोच ग्रेट ईस्टर्नची पाळी आली. जिथे सकाळी सुखाने जागे व्हायचे, त्या हूक ऑफ हॉलंडच्याच तोंडाशी २१ फेब्रुवारी १९०७ रोजी पहाटे तिची 'बर्लिन' वादळात धक्क्याच्या टोकावर आदळून दोन तुकडे झाली. लंडनहून परतणारी एक जर्मन ऑपेरा मंडळी तीवर होती. सव्वाशेवर माणसे गेली, पंधराएक वाचली. हॉलंडच्या राणीचा नवरा, प्रिन्स हेन्ड्रिक, स्वतः त्या वादळात बचावाच्या ठिकाणी गेला होता. मागच्या अर्ध्या तुकड्याला चिकटून राहिलेल्या शेवटच्या तीन बायकांना दोन दिवसांनी उतरवण्यात आले.

हे सगळे पत्रकांवर छापायला हवे होते का? नाही, कोणीच छापणार नाही. हजारो फेऱ्या सुखरूप झाल्या आणि पत्रक त्या हजारांची गोष्ट सांगत होते. तेवढ्यापुरते ते खरेच बोलत होते. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या वेगाची आणि नेमक्या वेळेची फुशारकी पत्रक मारी, त्याची किंमत धुक्यात आणि वादळात कोणी तरी मोजत होते. ती मोजणाऱ्यांत कप्तान, खलाशी आणि रॉजर्सबाई आधी येत. इतिहासाच्या पुस्तकात पत्रकाचे चित्र छापले जाते तेव्हा ही दुसरी बाजू छापली जात नाही, आणि मुलांना वाटते की तो काळ असाच निळा होता.

पहिल्या महायुद्धात तर रेल्वेच्या बोटींवर फारच मोठा प्रसंग आला. २४ मार्च १९१६ रोजी खाडी ओलांडणाऱ्या 'ससेक्स' बोटीवर पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. ही बोट मूळची ब्रायटन रेल्वेची, तेव्हा फ्रेंच सरकारी रेल्वेकडे दिलेली. निदान पन्नास माणसे गेली, त्यांत स्पॅनिश संगीतकार ग्रानादोस आणि त्याची बायको होती. ग्रेट ईस्टर्नच्या 'ब्रसेल्स'चा कप्तान चार्ल्स फ्रायट याची हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. मार्च १९१५ मध्ये एका जर्मन पाणबुडीने त्याला थांबण्याचा इशारा केला. त्याने थांबण्याऐवजी बोट सरळ तिच्या अंगावर घातली. पाणबुडीला बुडी मारावी लागली आणि ब्रसेल्स निसटली. या कामगिरीबद्दल त्याला सोन्याचे घड्याळ मिळाले आणि त्यावर हकीकत कोरलेली होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये जर्मनांनी ब्रसेल्स पकडली. घड्याळ सापडले. तू सैनिक नसून पाणबुडीवर हल्ला केलास, असा आरोप ठेवून २७ जुलै १९१६ रोजी ब्रूज शहरात खटला चालवला आणि त्याच संध्याकाळी त्याला गोळ्या घातल्या. रेल्वेचा नोकर, वेळापत्रकाप्रमाणे बोट नेणे एवढेच ज्याचे काम, तो असा गेला. १९१९ मध्ये त्याचे शव मायदेशी आणले आणि सेंट पॉलमधील प्रार्थनेनंतर हार्विचजवळ डोव्हरकोर्टला पुरले. ज्या सामानाच्या डब्यातून ते नेले, त्याच डब्यातून आधी नर्स कॅव्हेलचे आणि पुढच्या वर्षी अज्ञात सैनिकाचे शव नेण्यात आले होते. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात फ्रायटचे स्मारक आहे. हार्विचच्या बोटीची गाडी सुटे ती याच स्टेशनातून.

आणि आपला विल्किन्सन? तो नौदलात होता. १९१७ मध्ये त्याच्या मनात एक कल्पना आली. बोट समुद्रात लपवता येत नाही. धूर तिला उघडी पाडतो. मग ती लपवण्याऐवजी तिच्यावर असे वेडेवाकडे काळे-पांढरे-निळे पट्टे रंगवावेत की, पाणबुडीच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ती कोणत्या दिशेला चालली आहे हेच कळू नये आणि टॉर्पेडोचा नेम चुकावा. याला 'डॅझल पेंटिंग' म्हणत. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत, जिथे एरवी सभ्य निसर्गचित्रे टांगत, तिथे त्याची कचेरी उघडली. लहान लहान लाकडी बोटींवर पट्टे रंगवून पाहण्याचे काम पुष्कळशा मुली करीत. युद्ध संपेपर्यंत हजारो बोटी अशा रंगल्या. बारा वर्षांपूर्वी ज्याने बोट कशी दिसावी हे रेल्वेला शिकवले, त्यानेच बोट नीट दिसू नये म्हणून ब्रश उचलला. मला त्याची ही चित्रे अधिक प्रामाणिक वाटतात. त्या पट्ट्यांत समुद्र आहे. पाण्याखाली कोणी तरी आपला जीव घ्यायला बसले आहे, हे त्या रंगांना ठाऊक आहे.

युद्धानंतर, १९२३ मध्ये, इंग्लंडातल्या शंभरावर रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या. बोटीही त्यांच्याकडे गेल्या. पत्रकांचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिशने विल्किन्सनच्या सल्ल्याने १९२४ मध्ये रॉयल अ‍ॅकॅडमीच्या सभासदांकडून पत्रके काढून घेतली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचा जाहिरात अधिकारी विल्यम टीसडेल याने टॉम पर्व्हिस, फ्रँक न्यूबोल्ड, ऑस्टिन कूपर, फ्रेड टेलर आणि फ्रँक मेसन या पाच जणांना बांधून घेतले. त्यांनी दुसऱ्या रेल्वेचे काम करायचे नाही, अशी अट. यांतला मेसन तरुणपणी 'कॉनवे' या शिक्षणाच्या जहाजावर शिकलेला आणि समुद्रावर काम केलेला. त्याच्या बोटींचे दोर, डोलकाठ्या, पाण्यात बसण्याची ढब जाणकाराने पाहावी अशी. पर्व्हिसने उलट सगळे तपशील काढून टाकले. सपाट रंगांचे चार तुकडे कापून चिकटवल्यासारखे चित्र. लांबून, धावत्या गाडीतूनही कळावे असे. १९२९ पासून या कंपनीने अक्षरेही एकाच साध्या वळणाची, एरिक गिलने घडवलेली, वापरायला सुरुवात केली. ही पत्रके फार सुंदर आहेत आणि ती सुंदर आहेत हे म्हणताना मला मुळीच कुचंबल्यासारखे होत नाही. चित्रकाराने आपले काम चोख केले. लाटा मात्र आता अगदीच गेल्या. पर्व्हिससारख्याच्या पत्रकात पाणी म्हणजे एक निळी पट्टी.

या सगळ्या खटाटोपाचा कळस म्हणजे सदर्न रेल्वेची 'नाइट फेरी'. १४ ऑक्टोबर १९३६ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात झोपायच्या डब्यात चढलेला उतारू पॅरिसला त्याच डब्यातून उतरू लागला. डोव्हरला डबे रुळांवरून सरळ बोटीच्या पोटात ढकलीत, तिथे ते साखळ्यांनी जखडीत आणि डंकर्कला पुन्हा रुळांवर ओढून काढीत. त्यासाठी डोव्हरला एक खास गोदी बांधली. तळाच्या खडूच्या खडकातून पाणी आत येत राहिल्याने तिचे काम रखडले. समुद्र तेवढा तरी सूड घेणारच. उतारूला आता खाडी दिसतही नव्हती. साखळ्यांचा खणखणाट ऐकून मध्यरात्री जाग आली, तर तो आपण पाण्यावर आहोत असे समजे. डब्यात मात्र लाइफबेल्ट ठेवलेले असत.

चार वर्षांत त्याच डंकर्कच्या किनाऱ्यावर रेल्वेच्या बोटी सैनिकांना सोडवायला गेल्या. सुटीचे उतारू नेणाऱ्या बोटी, त्याच खलाशांसह. 'नॉर्मानिया', 'लोरिना', क्लाइडवरची चाकांची 'वेव्हर्ली' अशा कित्येक तिथे राहिल्या. रेड क्रॉसची खूण लावलेली 'मेड ऑफ केंट' दिएप बंदरात बॉम्बने जळाली. दिएप म्हणजे पॅरिसच्या स्वस्त वाटेचे बंदर.

१९४८ पासून रेल्वे सरकारी झाली आणि बोटीही. पत्रके चालूच राहिली. स्कॉटलंडातल्या स्ट्रॅनरारहून आयर्लंडातल्या लार्नला जाणारी वाट पूर्वीप्रमाणेच थोडक्या समुद्राची म्हणून मिरवली जाई. ३१ जानेवारी १९५३ रोजी सकाळी या वाटेवर 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' निघाली. मोटारी सरळ आत नेता याव्यात म्हणून तिच्या मागच्या अंगाला दारे होती. खाडीबाहेर पडताच वादळी लाटांनी ती दारे मोडली, मोटारींच्या जागेत पाणी भरले आणि ते बाहेर जायला पुरेशी वाट नव्हती. रेडिओवरचा डेव्हिड ब्रॉडफूट शेवटपर्यंत संदेश पाठवीत बसला होता. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. एकशेतीसहून अधिक माणसे बुडाली. वाचलेल्या चाळिसेक जणांत एकही बाई नव्हती, एकही मूल नव्हते. या वेळी चौकशीने कप्तानाच्या माथी खापर फोडले नाही. दारे कमकुवत होती, पाणी निघून जायची सोय अपुरी होती आणि आधी धोक्याच्या खुणा दिसूनही मालकांनी काही केले नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. 'स्टेला'नंतर हे म्हणायला चौपन्न वर्षे लागली.

पुढचे थोडक्यात सांगतो. विमाने आली, मोटारी वाढल्या. रेल्वेच्या बोटी 'सीलिंक' या नावाने चालू लागल्या आणि १९८४ मध्ये सरकारने तो सारा धंदा ६ कोटी ६० लाख पौंडांना विकून टाकला. नाइट फेरी त्याआधीच, १९८० मध्ये, बंद पडली होती. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा उघडला आणि लंडनची आगगाडी, आग नसलेली आता, पॅरिसला पाण्याखालून जाऊ लागली. शंभर वर्षे पत्रकांवर जे रंगवले, ते इंजिनियरांनी करून दाखवले.

बोटींपैकी फार थोड्या उरल्या. डंकर्कला बुडालेल्या वेव्हर्लीच्या जागी नॉर्थ ईस्टर्नने त्याच नावाची दुसरी चाकांची बोट बांधली. १९४७ मध्ये ती चालू झाली, १९७४ मध्ये एका पौंडाला जुन्या बोटींच्या प्रेमी मंडळींना दिली गेली आणि आजही तिच्यावरून उन्हाळी सफरी निघतात. दुसरी 'ड्यूक ऑफ लँकेस्टर'. ही १९५६ मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी बेलफास्टला बांधलेली, हीशम-बेलफास्ट वाटेवरची देखणी बोट. १९७९ मध्ये वेल्समध्ये डी नदीच्या मुखाशी तिला वाळूत रुतवून तिचे करमणुकीचे केंद्र करायचे ठरले. ते काही वर्षांत बंद पडले आणि बोट गंजत उभी राहिली. मग २०१२ मध्ये युरोपातून भिंतींवर चित्रे काढणारे तरुण तिथे आले आणि तिच्या गंजलेल्या कुशीवर त्यांनी मोठमोठी चित्रे रंगवली. माकडे, राक्षस, बुडत्या माणसाचा पोशाख घातलेली सोंगे, ज्याला जे सुचले ते. कोणाचे भाडे नाही, कोणाचे वेळापत्रक नाही. जिची चित्रे भिंतींवर लागायची, तीच आता भिंत झाली होती.